खडकांच्या वयावरून भूखंडांचा जोड कसा ओळखायचा : खान्देशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

खान्देशात उघड्यावर दिसणारा जवळजवळ सगळा काळा दगड एकाच घराण्यातला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेला हा दख्खनचा ट्रॅप, म्हणजे बेसॉल्ट नावाच्या काळ्या दगडाचे थर. त्याच्यावर तापीचा गाळ, आणि त्या गाळावर आपली केळी नि कापूस. या ट्रॅपच्या पोटात मात्र कितीतरी जुनी गोष्ट दडलेली आहे. उत्तरेकडचं बुंदेलखंडाचं भूकवच आणि दक्षिणेकडचं बस्तर-धारवाडचं भूकवच हे एके काळी वेगवेगळे भूखंड होते. ते जिथे एकमेकांना भिडले तो पट्टा बालाघाट, भंडारा, छिंदवाडा, बैतूल या भागात उघडा दिसतो आणि पश्चिमेकडे येता येता सातपुड्याच्या ट्रॅपखाली शिरतो. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात त्या याच जुन्या, कमकुवत पट्ट्यातून.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत भूगोल किंवा भूशास्त्र शिकणारी मुलं विचारतात, "हे भूखंड कधी जोडले गेले, हे कळतं कसं?" उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात मिळतं: किरणोत्सारी पद्धतीने खडकाचं वय काढतात. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. खडकाच्या वयाचा आकडा हातात आला म्हणजे जोडाची तारीख हातात आली असं होत नाही. तो आकडा कोणत्या घटनेचा आहे, हे ठरवण्यातच खरं काम आहे. ते काम कसं करायचं, हे इथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी : कोणत्या घटनेचं वय हवंय ते ठरवा

दोन भूखंड जोडले जाणं ही एका दिवसाची घटना नव्हे. मध्ये महासागर असतो. त्याचा तळ एका भूखंडाच्या काठाखाली सरकत जातो, त्या काठावर ज्वालामुखी आणि ग्रॅनाइट तयार होतात. मग महासागर आटतो, काठ काठाला लागतो, कवच जाड होतं, खडक खोल दाबले जाऊन रूपांतरित होतात, शेवटी डोंगर उचलला जाऊन झिजू लागतो. यातल्या प्रत्येक टप्प्याचा पुरावा वेगळ्या खडकात उरतो आणि प्रत्येकाचं वय वेगळं निघतं.

हिमालयात हे टप्पे अजून ताजे आहेत, म्हणून शिकायला तेच उदाहरण उत्तम. लडाखचा मोठा ग्रॅनाइट पट्टा सागराचा तळ आशियाच्या काठाखाली जात असताना तयार झाला, त्यातला बराचसा भाग ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो ग्रॅनाइट बनत होता याचा अर्थ तेव्हा समुद्रतळ अजून खाली जात होता. लडाखमधल्याच निडर नावाच्या भागात त्या बुडालेल्या समुद्रतळाचे तुकडे, म्हणजे ऑफिओलाइट, वर ढकललेले सापडतात. त्यांचं वय समुद्रतळ बनल्याचं आहे, जोडाचं नव्हे. जोड त्यानंतर कधीतरी झाला एवढंच ते सांगतात. तिबेटच्या दक्षिणेला भारताच्या काठावर साचलेल्या गाळात सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीपासून आशियाकडचे दाणे दिसू लागतात. मधला समुद्र इतका अरुंद झाला की पलीकडची वाळू अलीकडे येऊ लागली, याचा हा पुरावा. आणि लडाखच्या त्सो मोरिरी सरोवराजवळ भारताच्या काठाचा एक तुकडा भूकवचाच्या खूप खाली जाऊन परत वर आला. त्याच्यातल्या अतिदाबाच्या खनिजांचं वय ५ कोटी वर्षांच्या आसपास निघतं.

चार खडक, चार आकडे, आणि चारही बरोबर. जो माणूस यातला एकच आकडा घेऊन "भारत आशियाला अमुक साली धडकला" असं लिहितो, त्याने वाचकाला अर्धवट माहिती दिलेली असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर असं वाक्य लिहा: "मला ... या घटनेचं वय हवं आहे, आणि ती घटना ... या खडकातल्या ... या खनिजात नोंदली गेली असावी." रिकाम्या जागा भरता येईनात तोवर हातोडा उचलू नका.

दुसरी पायरी : घड्याळ निवडा

किरणोत्सारी मूलद्रव्य ठरलेल्या गतीने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत जातं. अर्धा साठा बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. युरेनियम-२३८ चं शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य सुमारे ७०.४ कोटी वर्षं. पोटॅशियम-४० चा एक हिस्सा अर्गॉन-४० मध्ये जातो आणि उरलेला कॅल्शियममध्ये, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं.

जोडाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त भरवसा झिरकॉन या खनिजावर ठेवतात. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं हे बहुतांशी आतल्या युरेनियमपासून झालेलं असतं. शिवाय एकाच दाण्यात युरेनियमची दोन घड्याळं चालू असतात, एकाने दुसऱ्याची चूक पकडता येते. दाणा कणखर असतो: डोंगर झिजला, नदीत वाहिला, वाळूचा दगड झाला, तो दगड पुन्हा भाजला गेला, तरी तो टिकतो.

कोणत्या तापमानाला कोणतं घड्याळ सुरू होतं, हे नीट समजून घ्या. हिवाळ्याच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आधी तूप थिजतं, गारवा वाढल्यावर खोबरेल थिजतं. खनिजांचंही तसंच. खोलवरचा तापलेला खडक वर येताना थंड होतो, तेव्हा झिरकॉन ९०० अंश सेल्सिअसच्याही वर आपलं शिसं कोंडून धरतो. हॉर्नब्लेंड साधारण ५०० ते ५५० अंशांना अर्गॉन कोंडायला लागतो, पांढरा अभ्रक ४०० च्या आसपास, काळा अभ्रक ३०० च्या आसपास. अ‍ॅपेटाइटमधले किरणोत्सारी ओरखडे तर सुमारे ११० अंशांखालीच टिकतात. म्हणून एकाच दगडातून झिरकॉनचं वय १०० कोटी आणि काळ्या अभ्रकाचं ९० कोटी निघालं तर गोंधळू नका. पहिला आकडा खडक जन्मल्याचा आहे, दुसरा तो थंड होत वर आल्याचा. दोन आकड्यांतल्या अंतरावरून डोंगर किती संथपणे झिजत गेला याचा अंदाज येतो.

रूपांतराचं वय हवं असेल तर मोनाझाइट हे खनिज शोधा. मातीच्या खडकांपासून बनलेल्या शिस्टमध्ये आणि नाइसमध्ये (हे दोन्ही रूपांतरित खडक) ते रूपांतराच्या काळातच वाढतं, त्यामुळे धडकेच्या भराचा काळ ते झिरकॉनपेक्षाही थेट सांगतं.

बेसॉल्टची गोष्ट वेगळी. त्याच्यात सिलिका कमी, म्हणून झिरकॉन जवळजवळ नसतोच. ट्रॅपचं वय काढायला त्यातल्या प्लॅजिओक्लेज या पांढरट खनिजाच्या स्फटिकांवर अर्गॉन-अर्गॉन पद्धत (पोटॅशियम-अर्गॉन घड्याळाचंच सुधारलेलं रूप) वापरतात. त्यासाठी नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवावा लागतो. लाव्हाच्या दोन थरांमधल्या लालसर थरांत दुरून उडून आलेली ज्वालामुखी राख मिसळलेली असेल, तर त्या राखेतले झिरकॉन मिळतात. दख्खनच्या उद्रेकाची अलीकडची अतिसूक्ष्म वयं अशाच लाल थरांतून आली आहेत. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा लागतो तो हाच थर. विहीर खोदणाऱ्या माणसांना तो नेमका किती खोलीवर लागला हे तोंडपाठ असतं. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.

तिसरी पायरी : आधी जमिनीवरचा क्रम लावा

प्रयोगशाळेच्या आकड्याला अर्थ येतो तो उघड्यावर दिसणाऱ्या क्रमामुळे. कोण कोणाला कापतं, कोण कोणावर बसलंय, कोणाचा तुकडा कोणाच्या पोटात आहे, एवढे तीन प्रश्न. आणि हे शिकायला धुळे-नंदुरबारसारखी शाळा महाराष्ट्रात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

धुळे, साक्री, नंदुरबार, पारोळा या भागात मैदानातून सरळ रेषेत धावणाऱ्या अरुंद दगडी धारा दिसतात. या डाइक. जमिनीतल्या लांब भेगांमध्ये शिलारस घुसून तिथेच गोठला, आजूबाजूचा मऊ दगड झिजला आणि त्या भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. काही डाइक कित्येक किलोमीटर सलग जातात, आणि साक्री-धुळे-पारोळा ही त्यातली सगळ्यात लांब, सत्तर किलोमीटरहून जास्त.

अशी एखादी डाइक नाल्याने कापलेली असेल तिथे जाऊन उभे राहा. कडेला बोट लावा. काठाचा दगड बारीक, दाट, जवळजवळ काचेसारखा लागेल, कारण थंड दगडाला टेकलेला शिलारस झटकन गोठला. जसजसं मधे जाल तसे स्फटिक मोठे होत जातील, भिंगातून प्लॅजिओक्लेजच्या पांढऱ्या काड्या ओळखू येतील. डाइकमधल्या तडा बघा: त्या भिंतीला काटकोनात, म्हणजे बहुधा आडव्या असतात. लाव्हाच्या थरातले खांब उभे असतात, डाइकमधले आडवे, कारण थंडावा बाजूंनी आत आला. शेजारचा जुना दगड काठाशी भाजल्यासारखा दिसतो का तेही पाहा. ही तिन्ही लक्षणं मिळाली की प्रयोगशाळेशिवायच एक गोष्ट सिद्ध झाली: डाइक ज्या लाव्हाच्या थरांना कापते त्यांच्यापेक्षा ती तरुण आहे. उद्या कोणी डाइकचं वय त्या थरांपेक्षा जास्त काढून दिलं, तर चूक जमिनीत नाही, आकड्यात आहे.

आता होकायंत्र काढा आणि डाइकची दिशा लिहा. यातल्या बहुतेक डाइक पूर्व-पश्चिम किंवा त्याच्या आसपासच्या दिशेने जातात, म्हणजे तापीला समांतर. भेग ज्या दिशेला पडते त्याच्या काटकोनात जमीन ताणलेली असते, तेव्हा इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली होती. ज्या पट्ट्यात फार पूर्वी दोन भूखंड चिकटले, त्याच पट्ट्याशी समांतर पुढे भेगा पडल्या, शिलारस चढला, नद्यांनी वाट काढली. जुना जोड पुन्हा पुन्हा वापरला जातो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत, आणि त्या पायथ्यालगत विभंग, म्हणजे जमीन तुटून सरकल्याच्या भेगा, गेलेले आहेत, हेही याच संदर्भात लक्षात ठेवावं.

शेतकऱ्यांना डाइकचं दुसरं ज्ञान असतं: धारेच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी. भूजल अडवणारी ही भूमिगत भिंत असते. तुमच्या नकाशात डाइक जिथे गाळाखाली गडप होते, तिथून पुढे ती कुठे गेली हे विहिरींच्या पाण्यावरून बऱ्याचदा कळतं.

नकाशासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश संकेतस्थळ उघडा, तिथे जिल्ह्यांचे भूशास्त्रीय नकाशे पाहायला मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा सोबत ठेवा.

चौथी पायरी : नमुना

प्रश्नाला लागणारा खडकच उचला, सोपा मिळाला म्हणून दुसरा नको. जोडाच्या अभ्यासासाठी बैतूल-छिंदवाड्याकडे गेलात तर या गोष्टी पाहा: दोन्ही बाजूंच्या खडकांना कापून गेलेला ग्रॅनाइट (तो जोडानंतरचा), ज्या नाइसमध्ये पट्टे वळलेले आहेत तो, आणि त्या वळणांना कापणारी न वळलेली शीर. वळलेला दगड आणि त्याला कापणारी सरळ शीर यांची वयं मिळाली की घडी कधी पडली, ते दोन तारखांच्या मध्ये पकडता येतं. एका उघड्या कातळावर हे दोन्ही असतील तर तिथे थांबा, घाई करू नका, रेखाटन काढा. माझ्या मते अशा एका कातळाचं मोल रस्त्याकडेच्या दहा नमुन्यांपेक्षा जास्त आहे.

ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म असेल तर ३ ते ५ किलो ताजा दगड पुरतो, राखेच्या थरांना जास्त लागतो. तांबूस, भुसभुशीत झालेली बाहेरची साल काढून टाका, आतला कठीण गाभा घ्या. बेसॉल्टमध्ये पोकळ्यांत पांढरी झिओलाइटं भरलेला दगड टाळा, त्यात पाणी खेळलेलं असतं आणि अर्गॉनचा हिशेब बिघडतो. खडी क्रशरच्या खाणीत ताजा कातळ उघडा मिळतो, पण मालकाला विचारून जा आणि सुरुंग लावायच्या वेळा कळल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

प्रत्येक नमुना वेगळ्या जाड पिशवीत. पिशवीवर बाहेरून आणि आत चिठ्ठीवरही क्रमांक. वहीत अक्षांश-रेखांश, उंची, खडकाचं नाव, कशाला कापतो आणि कशाने कापला जातो, फोटोचा क्रमांक. फोटोत मापासाठी हातोडा ठेवा. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, तिथे वन विभागाची लेखी परवानगी घ्या. लळिंग, सोनगीर, थाळनेर अशा किल्ल्यांच्या दगडावर हातोडा चालवायचा नाही, दगड कितीही मोहात पाडो.

पाचवी पायरी : दगडातून दाणे

दगड आधी फोडायचा, मग दळायचा, मग चाळायचा. बहुतेक झिरकॉन पाव मिलिमीटरहून बारीक असतात, म्हणून त्या आकाराखालचा चाळा महत्त्वाचा. या टप्प्यावर सगळ्यात मोठा शत्रू आधीच्या नमुन्याची पूड आहे. चक्कीच्या फटीत अडकलेला एक परका दाणा तुमच्या निष्कर्षात न घडलेला भूखंड आणून ठेवू शकतो. प्रत्येक नमुन्याआधी यंत्र उघडून ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ करा, चाळणी धुऊन जाळीत अडकलेले दाणे काढा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे सवलत घेऊ नका.

नंतर पाण्यात हलवून जड दाणे वेगळे करायचे. झिरकॉनची घनता सुमारे ४.६ ते ४.७, क्वार्ट्झची २.६५, म्हणून परातीत हलकं पुढे वाहून जातं आणि जड तळाशी राहतं. परात कशी हलवायची हे सराफ बाजारातली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांकडून शिकता आलं तर जरूर शिका, त्यांच्या मनगटात जे आहे ते पुस्तकात नाही. उरलेल्या काळ्या रेतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. मॅग्नेटाइट चिकटून येईल, पिशवी उलटी केली की ते सुटेल. पुढे प्रयोगशाळेत जड द्रव आणि विद्युतचुंबकीय विलगक वापरतात. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, त्याच्याऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेटचं द्रावण मिळत असेल तर तेच मागा.

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने, एकेक दाणा. झिरकॉन बहुधा बिनरंगी किंवा फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना पिरॅमिडसारखा निमुळता, आणि इतर दाण्यांच्या तुलनेत झळाळणारा. लघुलहरी अतिनील दिव्याखाली बरेच झिरकॉन पिवळे-नारिंगी चमकतात. वाळूतले दाणे गोलसर झिजलेले असतात. सुंदर, टोकदार दाणेच निवडायचा मोह होतो. वाळूच्या अभ्यासात तो मोह घातक आहे, कारण झिजलेले दाणेच दुरून किंवा जुन्या खडकांतून आलेले असू शकतात. दिसतील तसे घ्या.

सहावी पायरी : आत बघा, मग मोजा

दाणे रेझिनच्या वडीत बसवून अर्ध्यापर्यंत घासतात आणि इलेक्ट्रॉनच्या झोताखाली त्यांचं चित्र घेतात. या चित्रात दाण्याच्या आतल्या वाढीच्या रेषा दिसतात. शिलारसात वाढलेल्या दाण्यात बारीक, समांतर, कोनदार पट्ट्या असतात. रूपांतराच्या वेळी वाढलेलं कवच बहुधा सपाट, बिनपट्ट्यांचं असतं आणि आतल्या गाभ्याला वेढून बसलेलं असतं. जोडाची कहाणी बरेचदा या एकाच दाण्यात असते: गाभ्याचं वय मूळ खडकाचं, कवचाचं वय धडकेचं. लेसरचा ठिपका अर्धा गाभ्यावर आणि अर्धा कवचावर पडला तर मधलंच काहीतरी वय येतं, जे कोणत्याच घटनेचं नसतं. म्हणून चित्राशिवाय मोजणी मान्य करू नका. थोरियम आणि युरेनियमचं गुणोत्तरही सोबत मागा. ते ०.१ पेक्षा कमी असेल तर दाण्याचा तो भाग रूपांतरात वाढला असण्याची शक्यता बळावते, पण चित्राच्या जोडीनेच हा निकष लावायचा.

मोजणीचे दोन मार्ग. लेसरने २० ते ५० मायक्रॉनचा ठिपका उडवून त्याची वाफ वस्तुमान वर्णपटमापीत नेणं हा जलद मार्ग, एका दिवसात खूप दाणे होतात, अचूकता साधारण १ ते २ टक्के. अख्खा दाणा आम्लात विरघळवून मोजणं हा संथ मार्ग, अचूकता ०.१ टक्का किंवा त्याहून चांगली. कोणता निवडायचा ते प्रश्न सांगतो. ट्रॅपच्या ६.६ कोटी वर्षांवर १ टक्का म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षं, आणि दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भार साधारण १० लाख वर्षांत ओतला गेला. तिथे लेसर उपयोगाचा नाही. पण मध्य भारतातली घटना १६० कोटी वर्षांची की १०० कोटींची, हे ठरवायला लेसर भरपूर पुरतो.

दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, मुंबईची आयआयटी अशा ठिकाणी या कामाची साधनं आहेत. प्राध्यापकांच्या मार्फत दोन पानांचा प्रस्ताव पाठवा. त्यात पहिल्या पायरीवरचं ते वाक्य सगळ्यात वर असू द्या. मोजणीत ज्ञात वयाचे दाणे मध्ये मध्ये तपासले का, हे निकाल हाती आल्यावर पाहा. '९१५००' नावाचा प्रमाण झिरकॉन १०६.५ कोटी वर्षांचा आहे, प्लेशोविस नावाचा दुसरा प्रमाण झिरकॉन ३३.७ कोटींचा. त्यांची वयं बरोबर आली नसतील तर तुमचीही आलेली नाहीत.

सातवी पायरी : आलेख वाचा

एक हिशेब हाताने करून बघाच. शिसे-२०६ आणि युरेनियम-२३८ यांचं गुणोत्तर ०.१६७८ मिळालं असं समजा. त्यात १ मिळवा, १.१६७८ चा नैसर्गिक लॉगरिदम घ्या: ०.१५५१. त्याला युरेनियम-२३८ च्या क्षय स्थिरांकाने, म्हणजे दर १०० कोटी वर्षांना ०.१५५१ ने भागा. उत्तर १०० कोटी वर्षं. ट्रॅपच्या काळच्या झिरकॉनमध्ये हेच गुणोत्तर फक्त ०.०१०३ च्या आसपास भरतं.

दोन्ही युरेनियम घड्याळांची गुणोत्तरं आडव्या-उभ्या अक्षांवर मांडली की, दोन्ही वयं जिथे सारखी असतात असे बिंदू मिळून एक वक्ररेषा होते. तिला कॉन्कॉर्डिया म्हणतात. बिंदू रेषेवर पडला तर घड्याळं जुळली. बिंदू रेषेखाली ओळीने उतरत गेले असतील तर दाण्यांनी मधे कधीतरी शिसं गमावलंय. त्या ओळीचं वरचं टोक वक्ररेषेला कापतं तिथे जन्माचं वय, खालचं टोक कापतं तिथे बिघाड झाल्याचं वय असू शकतं. खालच्या टोकावर मी फार भार टाकत नाही. त्याला दुसऱ्या खनिजाचा दुजोरा मिळाला तरच तो निष्कर्षात घ्यावा.

साधारण १०० कोटी वर्षांपेक्षा जुन्या दाण्यांना शिसे-२०७ व शिसे-२०६ च्या गुणोत्तरावरचं वय वापरा, त्याहून तरुण दाण्यांना शिसे-२०६ व युरेनियम-२३८ चं.

आठवी पायरी : आकड्यांवरून जोड

आता एक उभा तक्ता करा, वर जुनं, खाली नवं. डाव्या रकान्यात उत्तरेकडच्या भूखंडाचे आकडे, उजवीकडे दक्षिणेकडच्या, मधे दोघांना समान असलेले. वरच्या भागात दोन्ही बाजू वेगळ्या राहतात, खाली आलं की मधला रकाना भरू लागतो. जिथून तो भरायला सुरुवात होते त्याच्या थोडं आधी जोड आहे.

मध्य भारताचा असा तक्ता भरायला घेतला की मोठी अडचण समोर येते आणि तीच या विषयाची गोडी आहे. बालाघाट-भंडारा भागातल्या उच्च तापमानाच्या रूपांतरित खडकांत १६० कोटी वर्षांच्या आसपासची वयं मिळतात. नागपूर-बालाघाटच्या मँगनीज खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या सौसर पट्ट्यात मोनाझाइटची वयं १०० कोटी वर्षांच्या आसपास येतात. मग जोड कोणता खरा? दोन भूखंड १६० कोटी वर्षांपूर्वीच जुळले आणि १०० कोटींना तो जोड नुसता पुन्हा दाबला गेला, की खरा शेवटचा जोड १०० कोटींचाच? अभ्यासकांत यावर अजून एकमत नाही. १०० कोटींच्या आकड्याला वजन येतं ते पूर्व घाटामुळे. तिथेही १०० ते ९० कोटी वर्षांची रूपांतराची वयं आहेत, आणि तशीच वयं अंटार्क्टिकाच्या रेनर भागात मिळतात. म्हणजे त्या काळी भारताच्या पूर्व काठावरही भूखंड जुळत होते. पण शेजारच्या काठावर जोड होत होता म्हणून इथेही झालाच, असं मात्र म्हणता येत नाही. समान वय हा शेजाराचा पुरावा आहे, नात्याचा नव्हे. नात्यासाठी खडकांची रसायनं, घड्यांची दिशा आणि दोन्हीकडची वाळू मिसळल्याचा पुरावा लागतो.

खान्देशात बसून करता येईल असा अभ्यास

ट्रॅपच्या खाली जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे खोल विवर. कोयनेजवळ ९३३ मीटर ट्रॅप भेदल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला, किल्लारीला ३३८ मीटरनंतर ट्रॅप संपला. सेंधव्यावरून खान्देशात उतरणाऱ्या एका रेषेवर भूकंपलहरींनी केलेल्या जुन्या सर्वेक्षणात ट्रॅपखाली गाळाच्या खडकांचे थर असल्याचं दिसलं. पण विवर खणणं आपल्या हातात नाही. नदीची वाळू हातात आहे.

तापी मुलताईला उगम पावते आणि बैतूल जिल्ह्यातून वाहत येते. त्या जिल्ह्यात ट्रॅपखालचे जुने ग्रॅनाइट आणि नाइस जागोजागी उघडे आहेत. गिरणा आणि पांझरा मात्र सह्याद्रीकडून येतात, त्यांच्या खोऱ्यात ट्रॅप आणि त्याच्यावरचा गाळ एवढंच आहे. तेव्हा गिरणा-पांझरेची वाळू हा तुलनेचा नमुना: तिच्यात झिरकॉन फार थोडे मिळावेत आणि मिळालेच तर ते ६.६ कोटींच्या आसपासचे असावेत. तापीच्या वाळूत १०० किंवा १६० कोटींचे दाणे सापडले, तर ते वरच्या अंगाने आलेले आहेत.

चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, म्हणून दोन्ही नद्यांची वाळू संगमाच्या वर वेगवेगळी घ्या. हतनूर धरणाचं पाणी तिथपर्यंत पसरतं, त्यामुळे फुगवट्याच्या बऱ्याच वर जावं लागेल. तिसरा नमुना खाली प्रकाशाच्या बाजूला घ्या. ताज्या पात्रातली वाळू टाळलेली बरी, ती डंपरने कुठून कुठे गेली असेल याचा नेम नाही. त्याऐवजी तापीकाठच्या उंच गाळाच्या कड्यांत जुन्या पात्राचे वाळू-गोट्यांचे थर दिसतात, ते साफ करून आतून घ्या. एका नमुन्यातून किमान ११७ दाणे मोजले तर एकूण दाण्यांत ५ टक्क्यांहून मोठा असलेला कोणताही वयोगट सुटणार नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. वाळूच्या अभ्यासात हाच आकडा धरायची प्रथा आहे.

वर्षाचा हिशेब असा धरा: पाऊस संपून पाणी उतरलं की डिसेंबर-जानेवारीत नमुने, उन्हाळ्यात धुणं आणि वेचणं, जूनपर्यंत वडी तयार. उरलेली अर्धी वाळू धुवू नका. क्रमांक घालून महाविद्यालयाच्या कपाटात ठेवा, म्हणजे तुमच्या आकड्यावर शंका घेणाऱ्याला त्याच वाळूतून पुन्हा मोजता येईल.